फ्रान्समधल्या खेड्यातला जुना वाडा: घ्यावा की नुसता बघून यावा?

तुलूझवासी (धागाकर्ता) | ९ फेब्रुवारी, रात्री ११:२०

मंडळी, डोक्यात एक किडा शिरलाय. तो बाहेर काढा, नाहीतर नीट पोसायला तरी मदत करा.

आम्ही दोघं तुलूझला चौदा वर्षं आहोत. जानेवारीत सहज म्हणून ए-२० ने लिमोजच्या पुढे क्रूझ जिल्ह्यात एक घर बघायला गेलो. क्रूझ म्हणजे फ्रान्समधला अगदी विरळ वस्तीचा भाग, अख्ख्या जिल्ह्यात सव्वा लाखही माणसं नाहीत. घर म्हणजे ग्रॅनाइटचा दुमजली मान्वार, छोट्या जमीनदाराचा वाडा म्हणा. मुख्य भाग १७व्या शतकातला, एक बाजू १८८०च्या सुमारास जोडलेली. कोपऱ्याला गोल बुरूज, मागे दगडी कबुतरखाना, अंगणात पावाची भट्टी. सोबत ११ हेक्टर जमीन, म्हणजे सत्तावीस एकर. सांगितलेली किंमत ३ लाख ४० हजार युरो. एवढ्या पैशांत तुलूझच्या बऱ्या वस्तीत चार खोल्या आणि एक बाल्कनी येते.

पुण्यातला धाकटा भाऊ आणि ल्याँचा एक मित्र, दोघंही भागीदारीला तयार आहेत. बायको म्हणते, "आजोळचा वाडा पाडला तेव्हा काही बोलला नाहीस, आता परक्याचा विकत घेऊन भरपाई करतोयस." खरं असेल. पण बुरुजातला तो गोल जिना चढताना पायरीच्या मधोमध झिजलेला खळगा पायाला लागला आणि मी संपलो.

कुणी या वाटेने गेलंय का? उडवून लावलंत तरी चालेल, पण कारणं द्या.

खवचट | ९ फेब्रुवारी, रात्री ११:४१

पहिलं कारण: तीन भागीदार. दुसरं कारण: तीन भागीदार. तिसरं उद्या सांगतो, झोप आलीय.

जिरेमिरे | १० फेब्रुवारी, सकाळी ७:०५

फोटो टाका!! कबुतरखान्याचा आधी.

रोनकाठची | १० फेब्रुवारी, सकाळी ९:३०

मी ल्याँजवळ राहते. दोन घरं घेतली, एक विकलं, तेव्हा कागदांचं मी सांगते. भिंतींचं कुणीतरी दुसऱ्याने सांगा.

इथे व्यवहार नोतेर करतो. तो आपला वकील नव्हे आणि समोरच्याचाही नव्हे. सरकारने नेमलेला अधिकारी, आपल्याकडचा दुय्यम निबंधक आणि वकील एकाच खुर्चीत बसवले तर जे होईल ते. तुम्ही तुमचा वेगळा नोतेर आणू शकता, फी तीच राहते, ते दोघं वाटून घेतात. जुन्या घराला हा सगळा खर्च किमतीच्या ७ ते ८ टक्के येतो. लोक त्याला 'नोतेरची फी' म्हणून बोटं मोडतात, पण त्यातला बराचसा सरकारी कर असतो.

आधी काँप्रोमी, म्हणजे आपलं साठेखत. तेव्हा ५ ते १० टक्के रक्कम नोतेरकडे ठेवायची. सही झालेली प्रत हातात पडली की दुसऱ्या दिवसापासून १० दिवस तुम्हाला कारण न देता माघार घेता येते. ही सवलत फक्त घेणाऱ्याला, विकणाऱ्याला नाही. अंतिम खत साधारण तीन महिन्यांनी.

सोबत विकणारा तपासण्यांची फाइल देतो. १९४९च्या आधीचं बांधकाम म्हणजे रंगातलं शिसं, जुलै १९९७च्या आधीच्या परवानगीचं म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस, काही भागांत वाळवी, मग वीज, गॅस, ऊर्जेचा दर्जा, सांडपाणी. खेड्यात सार्वजनिक गटार नसतं. सेप्टिक टँक नियमात बसत नसेल तर खरेदीनंतर एका वर्षात तो तुम्ही दुरुस्त करायचा. आता गंमत बघा, या जाड फाइलमध्ये छप्पर कुठेही नाही! पाया नाही, भिंतीतली चीर नाही. आणि खाजगी विक्रेता बहुधा करारातच लिहून घेतो की छुप्या दोषांना मी जबाबदार नाही.

कौलारू | १० फेब्रुवारी, दुपारी १:१५

रोनकाठचीताई, शेवटच्या चार ओळी ठळक अक्षरात हव्या होत्या.

मी चिपळूणचा, सिव्हिलवाला, हौसेने जुनी घरं बघत हिंडतो. दोन वर्षं नोकरीनिमित्त पश्चिम फ्रान्समधल्या आंजेला होतो. तुलूझवासी, तुम्ही पायरीचा खळगा बघितलात, आता वर बघा. छप्पर कशाचं आहे? स्लेट असेल तर क्षेत्रफळ किती? एक गोल बुरूज म्हणजे शंकूच्या आकाराचं छप्पर, तिथे प्रत्येक पाटी वेगळी कापावी लागते, मजुरी दुप्पट धरा. आंजेजवळच्या त्रेलाझेची खाण, जिच्या स्लेटने लुआर नदीकाठची निम्मी छपरं सजली, ती २०१३ला बंद पडली. आता बहुतेक माल स्पेनहून येतो. माल वाईट नसतो, पण त्यात लोखंडी माक्षिक असलेली पाटी आली तर पाच-सात वर्षांत तांबूस ओघळ.

माळ्यावर चढा. एजंट "आज शिडी नाही" म्हणेल. त्याला म्हणावं मी आणतो. तुळईचं टोक भिंतीत जिथे घुसतं तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर काम वाढलं. पांढऱ्या कापसासारखी वाढ आणि ओल्या तळघराचा वास आला तर ती मेरुल, लाकूड खाणारी बुरशी. ती भिंतीच्या आतून प्रवास करते. नॉर्मंडी-ब्रिटनीत तिचा सुळसुळाट जास्त, पण पाणी मुरेल तिथे ती येते. पाणी आत येतंय का, एवढाच खरा प्रश्न. बाकी सगळं नंतर.

आमच्या कोकणात कौलं दरवर्षी पावसाआधी परतायची रीत होती. घर रिकामं राहिलं की ते करणारं कुणी उरत नाही आणि चार पावसांत वासे बसतात. वाडा काय, शातो काय, मरतो वरूनच.

अमुकतमुक | १० फेब्रुवारी, दुपारी ३:५०

शातो आणि मान्वार यात फरक काय? एजंटच्या जाहिरातीत सगळंच शातो असतं.

दगडफूल | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२२

बुरूज दिसला की एजंटला शातो दिसतो. ढोबळ फरक असा: शातो मोठ्या सरदाराचा, मान्वार छोट्या जमीनदाराचा, मेझाँ द मेत्र म्हणजे १९व्या शतकातल्या पैसेवाल्या वकील-डॉक्टरचं चौकोनी घर, आणि लाँझेर म्हणजे शेतकऱ्याचं लांबोडकं, आपल्या पडवीसारखं. 'मध्ययुगीन' म्हणून विकले जाणारे कित्येक शातो १९व्या शतकात हौसेने बांधलेत. गावकरी मात्र सरसकट 'शातो'च म्हणतात, आपल्याकडे पडका असला तरी 'पाटलाचा वाडा'च.

कबुतरखान्याचा विषय निघालाच आहे म्हणून. तो शोभेचा नव्हता. बऱ्याच प्रांतांत कबुतरं पाळायचा हक्क फक्त जमीनदाराला होता. कबुतरं त्याची, दाणे शेतकऱ्याचे, आणि शेतकऱ्याने त्यांना मारायचं नाही. लोकांच्या मनात ते किती साचलं असेल बघा: ४ ऑगस्ट १७८९च्या रात्री सरंजामी हक्क रद्द करायचं ठरलं, त्या ठरावांच्या यादीत कबुतरखाना दुसऱ्याच कलमात आहे. त्याआधीच्या पंधरवड्यात शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी शातोंवर चाल केली, ती बरेचदा लुटीसाठी नव्हती. देण्याघेण्याच्या वह्या जाळायला होती. डेक्कन दंगल, १८७५, सुपे. सावकाराच्या वह्या. आठवतंय ना?

जिरेमिरे | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४०

दगडफूल, हे सुपे कनेक्शन भारी! तरी फोटो हवाच.

वाईकर_वाडा | १० फेब्रुवारी, रात्री १०:०२

मी बाई भिंतींचं पण नाही सांगणार. माणसांचं सांगते.

आमचा वाईचा वाडा. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर चौदा नावं. त्यातले पाच वारले, त्यांच्या वारसांची नोंद नाही. एक चुलतभाऊ अमेरिकेत, तो मेलला उत्तर देत नाही. ओटीचं छत २०११ला खाली आलं, कारण ते दुरुस्त करायला कुणी पैसे काढायचे यावर एकमत झालं नाही. विकायचं म्हटलं की प्रत्येकाला वाड्याचं प्रेम येतं.

तर माझा प्रश्न एकच. हा तुमचा मान्वार विकतंय कोण, आणि किती जण?

तुलूझवासी | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

ताई, बरोब्बर नस पकडलीत. सात जण. सगळी चुलत-मावस भावंडं, एक कॅनडात. आजी २०१९ला गेली तेव्हापासून घर बंद आहे.

रोनकाठची | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:४४

हे इथलं घरोघरचं आहे. नेपोलियनच्या १८०४च्या संहितेपासून मुलांना वारसा नाकारता येत नाही. एक मूल असेल तर निम्मी मालमत्ता त्याची राखीव, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश. थोरल्याला सगळं देऊन घर अखंड ठेवायची सोय संपली. मग घर सगळ्यांच्या सामाईक मालकीत पडून राहतं, तिला आँदिव्हिझ्याँ म्हणतात. दिलासा एवढाच की कायद्याने कुणालाही सामाईकात कायमचं अडकवता येत नाही, एक जण न्यायालयात वाटणी मागू शकतो. म्हणूनच इतके शातो बाजारात येतात. लोकांना वाटतं फ्रेंचांना किंमत नाही. किंमत आहे हो, भावंडंही आहेत.

त्या सातही जणांची लेखी संमती नोतेरकडे आहे का, हे काँप्रोमीच्या आधी विचारा.

खवचट | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:००

म्हणजे सात भावंडांच्या कचाट्यातून सोडवून तीन भागीदारांच्या कचाट्यात टाकायचं. घराचे ग्रहच तसे.

सीए_निवांत | ११ फेब्रुवारी, दुपारी १२:३५

पुण्याच्या भावाबद्दल. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, त्यातून परदेशात घर घेता येतं. १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापला जाईल. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर रक्कम अडकते. भारतातल्या बँकेचं कर्ज काढून पाठवायचा विचार सोडा. दरवर्षी विवरणपत्राच्या परकीय मालमत्तेच्या तक्त्यात हे घर दाखवायचं. विसरलात तर २०१५चा काळ्या पैशाचा कायदा लागतो आणि तिथे दंड लाखांत आहे.

इथे कुणीतरी एससीआय काढा म्हणून सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. फ्रान्समध्ये कुटुंबं घरासाठी अशी नागरी कंपनी काढतात. तुम्हा दोघांना ठीक आहे. पण भावाच्या हातात घर येत नाही, परदेशी कंपनीतला हिस्सा येतो. त्याला २०२२चे परदेशी गुंतवणुकीचे नियम लागतात, ते वेगळं प्रकरण. बँकेच्या परकीय चलन विभागाला आधी विचारा, पैसे नंतर पाठवा.

रोनकाठची | ११ फेब्रुवारी, दुपारी २:१०

+१. शिवाय एससीआयने सजवलेलं घर पर्यटकांना भाड्याने दिलं की तिला कंपनी कर लागतो. आणि कंपनीचं देणं भागधारकांच्या खिशातूनही वसूल होतं, आपापल्या हिश्श्याइतकं. 'मर्यादित' नाही ती.

अमुकतमुक | ११ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

भाड्याचं काय गणित? लग्नाचा हॉल करा! आपल्या लोकांची डेस्टिनेशन लग्नं!

रोनकाठची | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:०५

हॉल म्हटला की सार्वजनिक जागेचे नियम: आगीचे दरवाजे, व्हीलचेअरचा रस्ता, सगळं. १७व्या शतकातल्या गोल जिन्यात. चालवा डोकं.

खोल्या देऊन न्याहारी घालायची तर जास्तीत जास्त ५ खोल्या आणि १५ पाहुणे, शिवाय मालकाने स्वतः तिथे राहायला हवं. तुम्ही तुलूझला राहणार, तेव्हा ते नाही. अख्खं घर आठवड्याने भाड्याने देता येईल. पण क्रूझमध्ये जुलै-ऑगस्ट सोडून कोण येणार? ओब्युसाँच्या भिंतपडद्यांसाठी लोक येतात, तेही दुपारी बघून संध्याकाळी लिमोजला जातात.

चंद्रमौळी | ११ फेब्रुवारी, रात्री ९:१८

मी एका शातोचा मालक आहे. ५० युरोत. हसू नका.

व्हिएन जिल्ह्यातला ला मॉत-शाँदेनिये. १९३२ला आग लागली, मग छत नाही, आत झाडं वाढली, भोवती पाण्याचा खंदक. २०१७ला इंटरनेटवरून वर्गणी काढून २० हजारांहून जास्त लोकांनी तो विकत घेतला, १६ लाख युरो जमले. एका हिश्श्याला ५० युरो, मीही एक घेतला. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला प्रमाणपत्र दिलं. आजवर एकदा जाऊन आलो. माझा दगड कोणता ते कुणी सांगितलं नाही, पण छपराचं बिलही कुणी पाठवलं नाही.

खवचट | ११ फेब्रुवारी, रात्री ९:२५

धागा इथेच बंद करा. उत्तर मिळालं.

दगडफूल | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

खवचटराव, मराठी माणसाने फ्रान्समध्ये शातो घ्यायची ही पहिली वेळ नाही. पॅरिसच्या पश्चिमेला साँ-जर्मेन-आँ-ले इथला हेनमाँ हा शातो इंदूरच्या होळकर महाराजांकडे होता. तिसऱ्या तुकोजीरावांनी १९२६ला गादी सोडली, नंतर काही काळ फ्रान्समध्ये राहिले आणि १९७८ला पॅरिसमध्येच वारले. त्या शातोच्या आवारात आज आंतरराष्ट्रीय शाळा भरते. अर्थात त्यांना छपराच्या कोटेशनची चिंता नसावी.

नवखा_भिडू | १२ फेब्रुवारी, सकाळी ११:१३

आजीबाईंसकट घर मिळतं म्हणे, स्वस्तात? ते काय?

रोनकाठची | १२ फेब्रुवारी, दुपारी १२:००

व्हियाजे. थोडे पैसे आधी, मग विकणारी व्यक्ती हयात असेपर्यंत दरमहा ठरलेली रक्कम, आणि ती घरातच राहते. आर्ल गावच्या झान काल्माँ बाईंनी १९६५ला, नव्वदीत, आपलं घर असं एका नोतेरला विकलं, महिना २,५०० फ्रँक. बाई १२२ वर्षं जगल्या. नोतेर १९९५ला आधी गेला, घराच्या किमतीच्या दुपटीहून जास्त भरून. पुढचे हप्ते त्याच्या घरच्यांनी भरले.

तुलूझवासी | २ मार्च, रात्री १०:४५

मंडळी, परत गेलो होतो. शिडी घेऊन.

छप्पर स्लेटचंच, ५२० चौरस मीटर. उत्तरेकडच्या बाजूला तीन ठिकाणी पाणी येतं. कौलारूंचा स्क्रूड्रायव्हर दोन तुळयांत मुठीपर्यंत गेला, बाकी सागवानासारखी ठणठणीत. (ओक आहे, चारशे वर्षांचा. एजंटला घाम फुटला.) बुरशी नाही. स्थानिक छप्परवाल्याने लेखी अंदाज दिला: १ लाख ३५ हजार युरो, लाकूडकाम धरून. त्याच्याकडे दहा वर्षांच्या हमीचा विमा आहे, कागद बघितला.

घर स्वतः संरक्षित वास्तू नाही. पण ३०० मीटरवरचं जुनं चर्च आहे, म्हणून ५०० मीटरच्या परिघात आम्ही येतो. खिडकीचा रंग बदलायचा तरी सरकारी वास्तुविशारदाचं मत लागणार. खोट्या स्लेटचं नाव काढायचं नाही. तेलावरचा बॉयलर अखेरचे श्वास घेतोय, आणि जुलै २०२२पासून नवा तेलाचा बसवता येत नाही.

आणि एक बॉम्ब. अकरापैकी नऊ हेक्टर एक शेतकरी वीस वर्षं कसतोय. जाहिरातीत अवाक्षर नव्हतं. शेजारच्या म्हातारीने कॉफी पाजता पाजता सांगितलं.

वाईकर_वाडा | २ मार्च, रात्री ११:०१

कूळ!

दगडफूल | २ मार्च, रात्री ११:३०

कूळच, आणि भक्कम. १९४५-४६ला तिथे कसणाऱ्याला संरक्षण देणारे कायदे आले, आपला मुंबई कूळकायदा १९४८चा. फ्रेंच कूळकरार कमीत कमी ९ वर्षांचा, आपोआप पुढे चालू राहतो, आणि मालक बदलला तरी तो तसाच राहतो. खंडाची चौकट सरकार ठरवून देतं, म्हणजे उत्पन्न म्हणून विसरा. मात्र आपल्याकडे १ एप्रिल १९५७ला कूळ मालक मानला गेला, तिथे तसं झालं नाही. तिथे जमीन विकायला निघाली तर पहिला हक्क त्याचा, एवढंच.

रोनकाठची | ३ मार्च, सकाळी ८:४०

आणि त्याने नको म्हटलं तर साफेर. १९६०च्या कायद्याने आलेली संस्था आहे, शेतजमीन शेतकऱ्यांच्या हातात राहावी म्हणून मध्ये पडू शकते. नोतेरने कळवल्यापासून दोन महिने तिला उत्तराला मिळतात. घाई असेल तर या गावाला जाऊच नका.

पण मला हा बॉम्ब वाटत नाही. तुम्हाला नऊ हेक्टर गवत करायचंय काय? त्या शेतकऱ्याला जाऊन भेटा. वाइनची बाटली नेऊ नका, चकल्या न्या.

सीए_निवांत | ३ मार्च, सकाळी ९:१५

भावाचं नावही याच झटक्यात काढा. त्याला दर उन्हाळ्यात पाहुणा म्हणून बोलवा, दोघंही सुखी राहाल.

तुलूझवासी | १८ मे, रात्री ११:५५

उशीर झाला, माफ करा. क्रमाने सांगतो.

शेतकरी भेटला. चकल्या त्याच्या बायकोने डबाभर ठेवून घेतल्या. त्याला जमीन कधीपासून हवी होती, पण सात वारसांशी बोलायचं कुणी? त्याने ३२ हजार देऊ केले, वारसांनी नऊ हेक्टर वेगळे काढून त्यालाच विकायचं कबूल केलं. छपराचा अंदाज समोर ठेवून आम्ही उरलेल्याची, म्हणजे घर आणि दोन हेक्टरची, किंमत २ लाख ३८ हजारांवर आणली. कॅनडाच्या भावंडाने मुखत्यारपत्र पाठवायला पाच आठवडे घेतले. वाईकरताई, त्या पाच आठवड्यांत तुमची रोज आठवण काढली.

भाऊ बाहेर. ल्याँचा मित्र आहे, पण त्याआधी आम्ही नोतेरसमोर लिहून ठेवलंय की एकाला बाहेर पडायचं असेल तर दुसऱ्याने किती दिवसांत, कोणत्या भावाने घ्यायचं. खवचटराव, तुमच्या पहिल्या दोन कारणांचा मान राखून.

काँप्रोमीची प्रत ७ तारखेला हातात पडली. ८ पासून दहा दिवस मोजले. काल दहावा दिवस संपला. माघारीचं पत्र बायकोने लिहून, पाकिटात घालून, दाराजवळच्या टेबलावर ठेवलं होतं. "टाकायचं असेल तर टाक, मी काही म्हणणार नाही," एवढंच म्हणाली. काल रात्री बारा वाजता ते पाकीट तिनेच उचललं आणि त्याच्या मागे लिहिलं: बादल्या, ताडपत्री, उंदराचे पिंजरे.

कौलारू, पाऊस थांबला की छपराचं काम सुरू करायचं म्हणतोय. जूनमध्ये येतो म्हणाला होतात.

जिरेमिरे | १९ मे, सकाळी ६:३०

अभिनंदन!! आणि कबुतरखान्याचा फोटो?

कौलारू | १९ मे, सकाळी ७:१०

तिकिटं बघतोय. शिडी किती फुटी आहे तुमची?